आत येण्याआधीची जागा

मिर्झासाहेब कुठल्याही इमारतीत एका दमात आत शिरले आहेत, असं मी कधी पाहिलं नाही. आधी ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. हात मागे, चष्मा दोरीला बांधून छातीवर लोंबकळलेला. मग हळूहळू जवळ यायचे, दाराच्या बरोबर मधोमध थांबायचे आणि मागून येणाऱ्यांचा रस्ता अडवून वर, खाली, बाजूला बघत राहायचे. लोक वैतागत. कारंजातल्या एका नव्या मंगल कार्यालयात तर त्यांच्या मागे नवरदेवच अडकला होता.

"ओ चाचा, आत तरी व्हा, नाई तं बाजूले तरी सरका," वरातीतून कोणीतरी ओरडलं.

मिर्झासाहेब शांतपणे वळले आणि नवरदेवाला म्हणाले, "बेटा, तुले वाकून जा लागंन. चौकट बुटकी केली हाये या लोकायनं."

नवरदेव ताठ मानेने पुढे झाला आणि फेट्याचा तुरा चौकटीत अडकला. वरात हसली. साहेब हसले नाहीत. ते मान वळवून मला म्हणाले, "पाह्यलं? लग्नाचा हॉल बांधला, आन् फेटा कोणाच्या ध्यानात नाई."

ते आर्किटेक्ट होते. त्यांच्या वडिलांचं कारंजात लाकूडकामाचं दुकान होतं, दारं-खिडक्यांच्या चौकटी करायचे. दुकान खाली, आमचं ऑफिस वर. नागपूरला शिकून आलेल्या माणसाने तिथेच राहायचं सोडून कारंजात परत का यावं, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं. ते म्हणायचे, "नागपुरात मले कोन वळखते? इथं मी चुकलो तं रस्त्यात थांबवून सांगते लोकं." मी आसेगावचा, डिप्लोमा झालेला, त्यांच्याकडे लागलो तो ऑफिस बंद होईपर्यंत तिथेच राहिलो. आता साहेब नाहीत. मी बोलका माणूस नाही. ऑफिसातही माझं काम रेघा ओढायचं आणि बोलायचं काम त्यांचं. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर माझी एक गोष्ट गाळून लिहिता येत नाही. ती मध्ये येईल तेव्हा येऊ द्या.

पहिल्याच आठवड्यात ते मला एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीसमोर घेऊन गेले. ती आमची नव्हती. चकचकीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या, पितळी अक्षरं, काचेचं दार.

"काय दिसून राह्यलं?"

मी ग्रॅनाइट सांगितला, अक्षरं सांगितली, खांबांची जाडीही अंदाजाने सांगितली.

"आन् खाली?"

खाली चपला होत्या. देवळाबाहेर असतात तशा, एकीवर एक. आत माणसं अनवाणी रांगेत उभी होती.

"चपला काढा म्हून बोर्ड हाये?"

"नाही."

"वॉचमननं सांगतलं?"

"नाही."

"मंग काहून काढल्या?"

मी म्हणालो, "फरशी स्वच्छ आहे म्हणून. मान म्हणून."

"मान नाई गावंडे, भेव हाये. सोताच्याच कामाले आले, आन् चोरावानी पाय उचलून राह्यले."

माझे वडील कुठल्याही गुळगुळीत फरशीवर चढताना चपला काढत, कापडाच्या दुकानातसुद्धा. मला तो मानच वाटत आला होता. दोघांत कोण बरोबर होतं हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून साहेबांची परीक्षा मला कळली. ज्या दारात लोक न सांगता चपला काढतात, ते दार त्यांच्या लेखी नापास. देऊळ, मशीद आणि घर सोडून.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक 'एलिव्हेशन' मागायला यायचं. मोबाईलवर कुठल्या तरी बंगल्याचा फोटो, "असं करून द्या." साहेब फोटो बघायचे, फोन परत करायचे आणि विचारायचे, "तुमच्या घरी दुपारी कोन येते?" माणूस गोंधळायचा. दुपारी कोण येतं? बहीण येते, बियाणंवाला येतो, शेजारची म्हातारी येते. "म्हातारी बसते कुठं? उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आली की काही दिसते का तिले? डोळ्याले दोन पावलं द्या ना, भाऊ. थोडी सावली, मंग दार." हे सगळं झाल्यावर कागद पुढे ओढला जायचा.

त्यांच्या खिशात एक काचेची गोटी असे. नव्या पोर्चमध्ये गेले की उंबऱ्याशी वाकून ती सोडायचे आणि कुठे जाते ते बघायचे. गोटी आत आली तर गवंड्याचं काही खरं नाही. "पाणी मेहमान हाये का? त्याले कायले आत बोलावता?" एका कंत्राटदाराने तर ते येणार कळलं की उंबऱ्यावर मुद्दाम सिमेंटची पोती रचून ठेवायला सुरुवात केली. साहेब ती पोती दोन्ही हातांनी बाजूला ओढत, शर्ट सिमेंटने माखून घेत, आणि गोटी सोडत.

काम चांगलं झालं की त्यांचा एकच शब्द. "चालते." घरमालकाने डोळ्यांत पाणी आणून हात धरला तरी "चालते". भाभी सांगायच्या की निकाह झाल्यावर पहिल्या जेवणालासुद्धा हाच शब्द ऐकायला मिळाला होता, आणि त्यांनी ताट उचलून नेलं होतं.

वास्तूवाल्यांशी त्यांचं चांगलं जमायचं. एका व्यापाऱ्याचा प्लॉट पश्चिमेच्या रस्त्यावर, आणि त्याला दार पूर्वेलाच पाहिजे. साहेबांनी घराच्या कडेने एक लांब बोळ काढला, वर जाळी, मध्ये बसायला कट्टा, आणि शेवटी पूर्वेचं दार. पंडित खूश, व्यापारी खूश. उन्हाळ्यात त्या बोळातून असा वारा यायला लागला की सगळं घर तिथेच जेवायला बसू लागलं. व्यापाऱ्याने न राहवून विचारलं, "मिर्झासाहेब, मुसलमान असून तुमाले वास्तू पटते?"

"मले तुमी पटता. तुमाले वास्तू पटते. हिशेब जुळला ना?"

असं सगळं बरं चाललं असताना मानोरा गावातलं काम आलं.

डॉक्टर राठोड तिथल्याच एका तांड्यावरचे. बाहेर शिकले, चार वर्षं मोठ्या दवाखान्यात नोकरी केली आणि बाळंतपणाचा दवाखाना काढायला परत आले. अंगाने भरदार, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. प्लॉटवर कडुलिंबाचं एक झाड सोडलं तर काही नव्हतं. साहेबांनी कागद उघडलाच नाही. त्यांनी मजुराकडून चुन्याची फक्की मारून घेतली. हे दार, ही ओसरी, हा टेबल, ही बाळंतिणीची खोली. जमिनीवर सगळा दवाखाना पांढऱ्या रेघांनी उमटला.

मग शेजारच्या घरातून एक बाज मागवली. "डॉक्टर, झोपा."

"मी?"

"तुमी पेशंट. गावंडे, तू तिचा भाऊ. मी नवरा. हे दोघं मजूर म्हंजे दीर. आता उचला."

आम्ही चौघांनी डॉक्टरांना बाजेसकट उचललं. डॉक्टर हसत होते आणि त्यांच्या हसण्याने बाज हलत होती. पहिल्या रेघेतून आम्ही वळलो तर बाजेचा पाय 'भिंतीत' गेला. साहेब ओरडले, "थांबा! पाय मोडला पेशंटचा!" फक्की पायाने पुसली, दार रुंद केलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. रस्त्यावर बाया जमल्या. त्यांत डॉक्टरांची आईही होती. तिला ते 'याडी' म्हणत. तिने पोराला बाजेवर पाहिलं आणि घाबरून धावत आली.

"काय झालं व माह्या पोराले?"

"काही नाई याडी, बाळंतपण हाये," डॉक्टर बाजेवरूनच म्हणाले. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. याडीने पोराच्या दंडावर एक चापट मारली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली. ती जागा रेघांच्या जरा बाहेर होती. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मजुराच्या हातातून फक्कीची टोपली घेऊन स्वतःच ओसरीची रेघ वळवली, ती झाडाखालून, याडीच्या मागून फिरवून आणली.

"बाईसोबत सासू येते, जाऊ येते, लेकरं येते," ते डॉक्टरांना म्हणाले. "आत फक्त बाई जाईन. बाकीच्याईचं काय? ते रस्त्यावर बसतीन? त्याईले आत येण्याआधी जागा पाह्यजे. दरवाजा दिसला पाह्यजे, आन् दरवाज्यातून आत बसलेली आपली मानसं दिसली पाह्यजे."

ते चित्र पुढे कागदावर आलं तेव्हा त्यांनी ते ऑफिसच्या भिंतीवर लावलं. त्यांनी स्वतःचं चित्र भिंतीवर लावलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पायऱ्या नाहीत, खडबडीत शहाबादी फरशी, झाडाभोवती वळलेली लांब ओसरी, रुंद लाकडी दार. त्यावर त्यांनी 'चालते'सुद्धा म्हटलं नाही. नुसतं बघत बसायचे.

आता माझी गोष्ट.

पाया भरल्यावर भाभींच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि साहेब त्यांना घेऊन हैदराबादला गेले, ते बरेच दिवस तिकडेच राहिले. काम माझ्यावर. एके दिवशी डॉक्टर ऑफिसात आले, मोबाईल पुढे केला. मोठ्या शहरातला दवाखाना: दोन मजली काच, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आत झुंबर.

"होईन का असं?"

मी साहेबांचं चित्र दाखवलं. डॉक्टर ते ओळखून होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गावंडेभाऊ, आमची लोकं जिंदगीभर ओसरीतच बसली. पाटलाच्या ओसरीत, सावकाराच्या ओसरीत. माह्या दवाखान्यात तरी कायले? तांड्यावरच्या बाईनं एकदा काचेच्या दारातून जावं ना."

या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण मी हो म्हणालो ते त्यासाठी नाही. डॉक्टरांनी मला भरीस घातलं नव्हतं, दबाव नव्हता. साहेबांना फोन करता आला असता. मी केला नाही, कारण मला ती काच आवडली होती. आमच्या इमारतींचे फोटो कोणी काढत नसे. सावल्या, ओसऱ्या, खडबडीत फरश्या. माझ्या चुलतभावाला दाखवता येईल असं त्यांत काही नव्हतं. मला एक तरी झगमगीत काम हवं होतं. मी आठवडाभर मन लावून तो दर्शनी भाग काढला. ओसरी गेली. झाड बाजूला पडलं, त्याच्याखाली कपडे धुवायला नेण्यासाठी एक लहान दार ठेवलं. डॉक्टरांना म्हणालो, "साहेबांना मी सांगतो."

सांगितलं नाही. साहेब परतले तोवर काच लागली होती. भाभींची तब्येत सुधारली होती, त्या आनंदात ते उद्घाटनाला आले, नेहमीसारखे रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि आत आलेच नाहीत. डॉक्टरांनी नजर चुकवली. गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "तुले बाजूले ठेवून नागपूरचा कोनी पकडला वाटते डॉक्टरनं."

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. पण तिथून पुढे त्या नसलेल्या नागपूरवाल्याने आमच्या ऑफिसात घर केलं. चहाच्या वेळी साहेबांना त्याची आठवण यायची. "त्या नागपूरवाल्याच्या घरी बेल वाजवली तं तो खिडकीतून उतरत असंन." "त्याची बायको म्हणत असंन, अहो, आपलं दार कोनतं?" "त्यानं सोताच्या मायले कधी बोलावलं नसंन घरी." ऑफिसातले सगळे हसायचे. मी कप धुवायला उठायचो. भिंतीवरचं चित्र त्यांनी काढलं नाही, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसता येईल असं माझं टेबल फिरवून घेतलं.

इकडे मानोऱ्यात त्या दाराचं व्हायचं ते झालं. ग्रॅनाइटवर चपलांचा ढीग साचू लागला. वैशाखात त्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येईना, तरी लोक चपला घालून चढेनात. एक सासरा काचेवर आपटला, मग काचेवर लाल पट्ट्या चिकटवल्या. सोबतची माणसं आपसूक कडुलिंबाखाली जाऊन बसू लागली आणि कपड्यांच्या लहान दारातून ये-जा सुरू झाली. वॉचमन त्यांना हुसकायचा. ते झाडाच्या पलीकडे जायचे आणि तो वळला की परत यायचे.

मग एकदा याडी आली. पोराच्या दवाखान्यात, जेवणाचा डबा घेऊन. ती लहान दारातून आली. डॉक्टरांनी विचारलं, समोरून काहून नाही आलीस? ती म्हणाली, "तितं मले कोनी तरी पाह्यते असं वाटते." काचेत तिला ती स्वतःच दिसत होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी साहेबांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आता डॉक्टर बोलणार हे उघड होतं. मानोऱ्याच्या अलीकडे साहेब नेहमी चहाला थांबत, तिथे मी ग्लास हातात घेतला आणि म्हणालो, "साहेब, नागपूरचा कोणी नव्हता. ते मी काढलं."

त्यांनी चहा संपवला. दुसरा मागवला. तोही अर्धा प्याले.

"म्हंजे इतके दिवस मी तुले शिव्या देत होतो?"

"हो."

"आन् तू कप धुवत होता."

"हो."

"डॉक्टरनं जबरदस्ती केली?"

"नाही. मला आवडली होती काच." मग आणखी एक वाक्य माझ्या तोंडून निघालं, जे मी ठरवलं नव्हतं. "अजूनही आवडते."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला पाहिलं, इमारतीकडे पाहायचे तसं. "गाडीत बैस," म्हणाले. मला वाटलं, नोकरी गेली. खरं म्हणजे नोकरीचं काही वाटलं नाही. भिंतीवरचं ते चित्र ते आता काढून टाकतील, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात ते समोर गेलेच नाहीत. थेट कडुलिंबाकडे. लोक बसले होते, तिथे तेही मातीत बसले. बराच वेळ ते लहान दार बघत राहिले. डॉक्टर आले, उभेच राहिले.

"मिर्झासाहेब, मी चुकलो. पण एक सांगा, आमच्या लोकायनं मागच्याच दारानं या लागते का? मले तेच तोडाचं होतं."

"डॉक्टर, मागचं नाई हे. आपलं समोरचं दारच चुकीच्या बाजूले झालं. तुमचा टेबल इकडं आणा. नावाचा बोर्ड इकडं आणा. तुमी इकडून येत जा. मंग पाहू कोन याले मागचं म्हणते."

"आन् ती काच? तोडू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कायले? लोकं हायेत ना काच आवडणारे. तितं तुमची केबिन करा. उजेड चांगला हाये."

मग मला म्हणाले, "तू काढ. मी पेन्सिलीले हात नाई लावणार."

ती माझी शिक्षा. मी काढून न्यायचो, ते बघायचे आणि परत सरकवायचे. काही बोलायचे नाहीत. ओसरी झाडाभोवती वळली, पण कट्टा उंच झाला होता, परत. कट्टा उतरवला, तर दारातून आतली माणसं दिसेनात, परत. शेवटी मी मानोऱ्याला गेलो, बायांच्या शेजारी मातीत बसलो, आणि तिथे बसून काढलं. त्या कागदावर त्यांनी सही केली. भिंतीवरचं जुनं चित्र उतरवलं, गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ठेव. दोन्हीत तुहं बरं हाये."

माफ केलं का, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण तेव्हापासून चारचौघांत ते मला 'नागपूरवाले' म्हणू लागले. "या नागपूरवाले." "नागपूरवाल्याले विचारा." गिऱ्हाइकांना मी खरंच नागपूरचा वाटायचो. आसेगावातही ते नाव पोहोचलं, माझी बायकोही रागात तेच म्हणते. मी एकदाही ते नाव खोडून काढलं नाही.

साहेब थकल्यावर ऑफिस बंद केलं. ते मुलीकडे राहायला जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी मानोऱ्याकडे दुसऱ्या कामाला निघालो होतो, ते म्हणाले, येतो. मी त्यांना दवाखान्याशी सोडलं आणि काम उरकून परत आलो.

ओसरी भरलेली होती. साहेब खांबाला टेकून बसले होते, मांडीवर कोणाचं तरी मोठं गाठोडं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं असावं, कोण ॲडमिट आहे म्हणून, कारण साहेब त्याला सांगत होते, "सून हाये." साहेबांना दोन मुली, मुलगा नाही.

"पहिलटकरीन?"

"हो."

"होईन सगळं नीट. डॉक्टर चांगला हाये इथला." म्हाताऱ्याने अर्धी भाकर मोडून त्यांच्या हातावर ठेवली, वर चटणी. साहेब खाऊ लागले.

मी बाहेरून हाक मारली, "साहेब, निघायचं?"

"थांब ना. हे गाठोडं त्या बाईचं हाये. 'पाह्यजा बाबा' म्हणून आत गेली ती. लेक अडली हाये तिची. ती आल्याबिगर कसा उठू?"

"किती वेळ लागेल?"

"मले काय माईत? बाळाले विचार."

म्हातारा हसला आणि त्याने सरकून जागा केली. मी गाडी सावलीत लावली आणि ओसरीत जाऊन त्या दोघांच्या मध्ये बसलो.